आम्लात उरलेलं

माणूस गेल्यावर त्याचं वाईट लिहू नये, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. माझी सून परवा म्हणाली, "आई, लिहिताय ते छान, पण अप्पाआजोबांचं जरा बरं लिहा. पोरं वाचतील." पोरांनी वाचावं म्हणूनच लिहिते आहे. अप्पा म्हणजे माझे वडील. कष्टाळू होते, निर्व्यसनी होते, आजारपणातसुद्धा त्यांनी कधी कामाला दांडी मारली नाही, यातलं काहीच मी नाकारत नाही. पण आम्हा दोघांचं जे फाटलं ते एका दगडाच्या तुकड्यावरून फाटलं, आणि ते शिवायला दोघांपैकी एकही पुढे आला नाही. तेव्हा बरं लिहायचं असेल त्याने स्वतःची वही घ्यावी.

आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मोरिवलीच्या अंगाला कारखाना, आणि त्याच्या भोंग्यावर आमच्या घरातलं सगळं चालायचं. पहिल्या भोंग्याला अप्पांचा चहा, दुसऱ्याला त्यांची सायकल फाटकाबाहेर. मधल्या वेळात घर आत्याच्या ताब्यात असे. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन आमच्याकडे आलेली. तिला माझं शिकणं, माझं चालणं, माझं मोठ्याने वाचणं यातलं काहीही आवडत नव्हतं, आणि ते ती आडपडदा न ठेवता सांगायची. आठवड्यातून दोनदा तरी वालाचं बिरडं असे. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून आम्ही तिघी मागच्या ओट्यावर सोलायला बसायचो. आई गप्प, आत्या बोलणारी, आणि मी उलट बोलणारी. अंगठा आणि बोट यांच्यात दाबला की वाल पुळकन बाहेर यायचा आणि साल बोटाला चिकटून राहायची. जगात एवढा चविष्ट पदार्थ दुसरा नाही, पण त्या ओट्यावर इतकी भांडणं झाली की मला अजूनही पहिल्या घासाला आत्याचा आवाज ऐकू येतो.

अप्पा कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. कारखान्याला रेल्वेच्या वाघिणींनी चुनखडी यायची, आणि ती किती शुद्ध आहे हे ठरवणं त्यांचं काम. पद्धत सोपी होती. दगडाची पूड आम्लात टाकायची. चुना असेल तो फसफसून विरघळतो, न विरघळलेला गाळ तळाशी बसतो. तो गाळ फिल्टर पेपरवर घ्यायचा, कागदाची घडी करून कागदासकट चिनीमातीच्या मुशीत घालायचा आणि भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचा. कागद जळून जातो, उरतं त्याचं वजन करायचं. त्याला अप्पा 'इन्सोल्युबल' म्हणायचे. वर्षानुवर्षं रोज त्यांनी हेच केलं. गाळ म्हणजे मालातली खोट, एवढाच त्याचा अर्थ त्यांच्या लेखी होता.

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं, तेव्हा अप्पा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. रसायन घेतलं असतं तर चाललं असतं. आठवड्याने बोलले ते एवढंच, "दगड फोडायला बी.एस्सी. कशाला लागते?" कॉलेजातही वेगळी माया नव्हती. केळशीकर सर आमचे प्रमुख, विद्वान आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हा दोन मुलींकडे पाहून सांगितलं, "मुलींनी बॉटनी घ्यावी. पानं हलकी असतात." शेवटच्या वर्षी मी एम.एस्सी.ला त्यांच्या हाताखाली घ्या म्हणून विचारायला गेले, तर म्हणाले, "स्वतःच्या दगडातून स्वतः ओळखलेली एक गोष्ट मला आणून दाखवा. पुस्तकातली नको, माझ्या कपाटातली नको. मग बघू." मी घरी येऊन हे सांगितलं. अप्पांनी लगेच त्याला आपली अट जोडली. सरांनी घेतलं तर शीक. नाही घेतलं तर बदलापूरचं स्थळ आलं आहे, त्याला होकार. मुलगा कुठल्याशा कचेरीत होता, त्यांची भातशेती होती आणि घरात सासू एकटी. मी त्या मुलाला पाहिलंही नव्हतं, पण त्या दिवसापासून माझा त्याच्यावर राग.

आता आमच्या भागात स्वतःचा दगड आणायचा कुठून? इथे जमिनीत जिकडेतिकडे काळा पाषाण. तो तापून वितळलेल्या रसाचा झालेला, त्यात जिवाची खूण मिळायची नाही. समुद्रात झालेली चुनखडी हवी. कारखान्यातला एक तुकडा अप्पांकडे मागितला, तर म्हणाले, "तो कंपनीचा माल आहे." दगड मिळाला तो उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, शीलाच्या घरी. शीला म्हणजे माझ्या वर्गातली दुसरी मुलगी, सिंधमधून आलेल्यांपैकी. लष्कराच्या जुन्या बराकीतल्या दोन खोल्यांत त्यांचं घर होतं. तिथे लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर एक पिवळट दगड ठेवलेला होता, आणि त्याच्या अंगावर मसुराएवढ्या, काही त्याहून मोठ्या चपट्या गोल चकत्या खचाखच भरल्या होत्या. सिंधमधल्या रोहरीहून निघताना तिच्या आजीने बरणी झाकणावर दगड बांधूनच उचलली होती. बोटीत बरणी फुटली, दगड आला. मी तो हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेववेना. त्या चकत्या म्हणजे फार जुन्या समुद्रातले जीव. प्रत्येक चकती एकाच पेशीचं घर. फोरामिनिफेरा हे त्यांचं नाव, ते आम्ही पुस्तकात घोकलं होतं, पण असे लोणच्याच्या वासासकट कधी भेटले नव्हते. शीलाने आई नळावर गेल्याचं पाहून वरवंट्याने एक कोपरा उडवून दिला. आई परतली तेव्हा तिला लगेच कळलं. तिने सिंधीत जे काही म्हटलं त्यातलं 'मुई', म्हणजे मेली, एवढंच मला समजलं, आणि ते मला उद्देशून होतं.

चकत्या तर डोळ्यांना दिसत होत्या, त्या ओळखण्यात काही मोठेपण नव्हतं. सर म्हणाले असते, हे शाळेतलं मूलही सांगेल. मला हवं होतं ते त्याच्या पलीकडचं. एका इंग्रजी नियतकालिकात मी वाचलं होतं की या जिवांच्या कवचाच्या आत एक पातळ अस्तर असतं. कवच चुन्याचं, ते आम्लात जातं. अस्तर जिवाच्या अंगचं, ते आम्लात जात नाही. बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं अस्तर लाखो वर्षं दगडात टिकून राहू शकतं. मात्र आम्ल जोराचं वापरलं तर फसफसण्यानेच ते फाटतं. म्हणून मी लोणच्यासाठी मिळतो तो सिरका कॅम्पातल्या दुकानातून आणला, काचेच्या बरणीत तो तुकडा ठेवला आणि बरणी मोरीच्या कट्ट्यावर मांडली. शेजारी दुसऱ्या बरणीत नुसता सिरका ठेवला, त्यात धूळ किंवा बुरशी काय पडते ते कळावं म्हणून. घरभर आंबट वास सुटला. आत्या नाकाला पदर लावून फिरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे दगडाचं लोणचं घातलंय."

दगड झिजायला बरेच दिवस लागले. सिरका बदलायचा, पुन्हा बुडबुडे सुरू, कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू यायची. मोठ्या चकत्या माझ्या देखत नाहीशा झाल्या. शेवटी तळाला उरला चमचाभर करडा गाळ. तो मी पाण्याने धुतला, निवळू दिला, पुन्हा धुतला, आणि पाण्यासकट एका काचनळीत घालून कॉलेजात नेला. शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत शुकशुकाट होता. मायक्रोस्कोपखाली एक थेंब ठेवला. माती, माती, गारगोटीचे कण, आणि मग ते दिसलं. तपकिरी, कागदाहून पातळ, मधे एक छोटासा गोल कप्पा, त्याला लागून त्याहून मोठा, मग आणखी मोठा, असे वळत वळत गेलेले कप्पे. कवच नाही, नुसती आतली साल. वाल निघून गेल्यावर ताटात राहते तशी, वालाचा आकार धरून. मी खुर्चीत मागे टेकले आणि एकटीच हसत बसले. त्या आधी आणि नंतरही मला इतका निखळ आनंद फार थोड्या वेळा झाला आहे, लग्न आणि मुलं धरून.

सर गावाला गेलेले, सोमवारी येणार होते. काचेवर कायमचं बसवायचा राळेचा डिंक त्यांच्या कपाटात कुलपात. प्रयोगशाळेत काही ठेवलं तर सफाईत फेकलं जायचं. म्हणून मी नळी रुमालात गुंडाळून घरी आणली आणि माझ्या पुस्तकांच्या फळीवर उभी करून ठेवली. घरात सगळ्यांना सांगितलं की मला हवं ते मिळालं, आणि ते या नळीत आहे. अप्पांनाही सांगितलं. ते ऐकत होते. ऐकलं नाही असं ते पुढे कधी म्हणाले नाहीत.

रविवारी अप्पा सकाळी तासाभरासाठी कारखान्यात जाऊन येत. जेवायला बसल्यावर त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि म्हणाले, "तुझं ते काम करून टाकलं."

"कुठलं काम?"

"ती नळी नेली होती सकाळी. स्वच्छ गाळलं, भट्टीत घातलं, वजन केलं. दगडाचं आधीचं वजन तू केलं नव्हतंस, पण अंदाजे दीड टक्का धर. सरांना आकडा सांग. काहीतरी पद्धतशीर केलंय असं वाटेल."

मी फळीकडे पाहिलं. रुमाल घडी करून ठेवला होता.

"भट्टीत घातलं?"

"मग ओलं वजन करतात का?"

"अप्पा, त्यात सेंद्रिय होतं. तेच दाखवायचं होतं सरांना."

"सेंद्रिय असेल ते जळणारच. जाळायलाच तर भट्टी असते."

"तुमच्या टेबलाशेजारी मायक्रोस्कोप आहे. एकदा डोळा लावून बघितलंत तरी का?"

"गाळात काय बघायचं?" अप्पा म्हणाले, आणि आईला आमटी वाढायला सांगितली.

आत्या म्हणाली, बरं झालं, घरातला वास तरी गेला. आई मोरीशी मला हळूच म्हणाली, मुद्दाम नसेल गं केलं त्यांनी, मदतच करायला गेले. पुढची सत्तर वर्षं मला हेच वाक्य निरनिराळ्या लोकांनी ऐकवलं. माझ्या नवऱ्याने ऐकवलं, मुलांनी ऐकवलं. असेलही मदत. त्यांच्या हाताला दुसरी कृती माहीतच नव्हती, गाळ दिसला की भट्टी, हे मला कळतं. पण मी आदल्याच दिवशी सांगितलं होतं की त्यात काहीतरी आहे. ज्याला आपल्या मुलीला दिसलेलं एकदा बघावंसंही वाटत नाही, त्याच्या मदतीचं मी काय करू? मला राग आला होता आणि तो राग खरा होता. वय झालं म्हणून तो खोटा होत नाही.

त्याच दुपारी मी कॅम्प एकला गेले. शीलाची आई दारात पापड वाळत घालत होती.

"आ गई पत्थर तोडनेवाली," ती मान वर न करता म्हणाली.

"चाची, और एक टुकडा चाहिए."

"काहे को? पहलावाला खा गई?"

 शीलाने तिला सिंधीत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बाईंचे हात थांबले. मग त्या उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तेरे बाप ने जला दिया?"

"हां."

"पूछा भी नहीं?"

"नहीं."

"पत्थर किसका था? उसका था? हमारा सब कुछ उधर रह गया, एक पत्थर आया, वो भी ये लोग जलाएंगे?" त्यांनी आत जाऊन बरणीवरून दगड उचलला, ओट्यावर ठेवला आणि वरवंटा घेऊन असा हाणला की त्याचे सरळ दोन भाग झाले. त्यातला मोठा माझ्या पुढ्यात ढकलला. "तेरे लिए नहीं देती. तू भी मेरे को पसंद नहीं. उसको बोल, अब जलाके दिखा."

त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मी तो अर्धा दगड पदरात धरून अंबरनाथला आले. माझ्या बाजूने त्या दिवशी जगात एकच माणूस उभं होतं, आणि तेही मी आवडत नसताना.

या वेळी बरणी मोरीवर नाही ठेवली. बाहेरच्या खोलीत, अप्पांच्या खुर्चीसमोरच्या तिवईवर ठेवली. अप्पा म्हणाले, हे इथे चालणार नाही. मी म्हटलं, मग मला आणि बरणीला दोघांनाही बाहेर काढा. त्यांनी काढलं नाही. बोलणंही बंद झालं. मी कॉलेजला जाताना बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर न्यायची, येताना घेऊन यायची. आत्याला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला, आणि तसं तिने शेजारी सांगूनही टाकलं.

त्यातच अप्पांनी बदलापूरच्या बाईंना, म्हणजे त्या मुलाच्या आईला, घर बघायला बोलावलं. अट अजून संपली नव्हती, म्हणजे त्यांनी घाई केली. बाई लुगडं सावरून बसल्या, त्यांची नजर तिवईवर गेली. "हे काय शिजतंय?" त्यांनी विचारलं.

"दगड," मी म्हटलं.

"किती वेळ लागतो?"

"महिना."

"आणि मग?"

"मग जे उरेल ते बघायचं."

अप्पा घाईने म्हणाले, "कॉलेजचं असतं काहीतरी." बाईंनी बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा अर्धा ठेवून उठल्या. आठवड्याने निरोप आला की मुलगी हुशार आहे, आम्हाला एवढी नको. मला त्या बाई पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा तेव्हाच आवडल्या. अप्पांनी मात्र निरोप आल्यावर एवढंच म्हटलं की एक स्थळ गेलं म्हणून अट गेलेली नाही, दुसरी पुष्कळ आहेत.

आता सोनिवलीच्या बाजूला आमचा फ्लॅट आहे. इमारतीच्या दारात पिवळ्या दगडाची फरशी बसवली आहे, आणि तिच्यात शिंपल्यांचे तुकडे चक्क दिसतात. मी वाकून ते पाहत असते, तेव्हा वॉचमनला वाटतं आजींचं काहीतरी पडलं. त्याला समजावून सांगायचा मला कंटाळा येतो. माझी सगळी नोकरी समजावून सांगण्यातच गेली.

त्या महिन्याच्या शेवटी दुसऱ्या गाळातही ते मिळालं, आणि ते काचेवर बसवून मी सरांसमोर ठेवलं तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला, मग बराच वेळ डोळा लावून बसले. काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली.

"बुरशी कशावरून नाही?"

"बुरशीचे कप्पे सारख्या मापाचे असतात, सर. हे क्रमाने मोठे होत गेलेत. आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला भोक आहे, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे नीट दिसतं."

"परागकण?"

"त्यांना असे कप्पे नसतात. गुंडाळीही नसते."

"सिरक्यातून आलं असेल. तुमच्या स्वयंपाकघरातून आलं असेल."

"नुसत्या सिरक्याची वेगळी बरणी ठेवली होती. तिच्या तळाचा थेंब दुसऱ्या काचेवर आहे. त्यात असं एकही नाही."

त्यांनी दुसरी काच पाहिली. मग पुन्हा पहिली पाहिली. शाबासकी दिली नाही, ती त्यांनी कोणालाच दिली नसावी. "नाव घालतो," ते म्हणाले. "फील्डवर रडलात तर तिथूनच परत पाठवीन." मी म्हटलं, रडणार नाही. दोन्ही काचा त्यांनी परत माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, जपून ठेवा.

घरी आले तेव्हा अप्पा जेवत होते. आईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, घेतलं सरांनी. आत्या भांडी आपटत मोरीकडे गेली, म्हणजे तिला खरंच वाईट वाटलं असावं. अप्पांनी शब्द पाळला, तेवढं मी लिहीन. "घेतलं ना? मग शीक," ते म्हणाले. भातावर ताक घेतलं, कालवलं. किती दिवसांनी ते माझ्याशी थेट बोलत होते. मी हातपाय धुवायला निघाले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"दिसतं तरी कसं गं ते?"

काच माझ्या पर्समध्येच होती, कापसात गुंडाळलेली. कारखान्यातला मायक्रोस्कोप सायकलीच्या अंतरावर होता, आणि त्याची किल्ली अप्पांच्या जानव्याला.

"त्या रविवारी तुमच्या हातात होतं, अप्पा," मी म्हटलं. "तेव्हा बघायचं."

त्यांनी पुढचा घास घेतला. पुन्हा कधी विचारलं नाही. ती काच अजून माझ्याकडे आहे, खूप जणांना दाखवली, परदेशातल्या लोकांनाही दाखवली. त्यांना दाखवली नाही, आणि उद्या ते समोर येऊन बसले तरी दाखवणार नाही.